खोली मिळाली, आता टीम हवी असलेल्यांसाठी

गोव्यात वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आपल्याकडची नवी पोरं येतच असतात, कुणी कोल्हापूरचं, कुणी कुडाळचं. खोली, मेस, सेकंडहँड स्कूटर एवढं मार्गी लागलं की विचारणा होते, "दादा, रात्री व्हॅलोरंट खेळता ना, आम्हालाही घ्या की." घेतो. व्हॅलोरंट म्हणजे बंदुकांच्या लढाईचा ऑनलाइन गेम. पण आधी थोडं ऐकून घ्या.

शिव्या पडणार. हिंदीत पडतील, कोकणीत पडतील, आणि काही तर कुठल्या भाषेतल्या तेही कळणार नाही. मुंबईच्या सर्व्हरवर सगळा देश खेळतो. मनाला लावून घेऊ नका, पण त्या का पडतात ते समजून घ्या. पाचजणांची टीम, आधी 13 राउंड जिंकेल तिची मॅच. रंगली तर पाऊण तास सहज जातो. मधेच उठलात तर पुढची मॅच लगेच मिळत नाही, काही वेळ बसवून ठेवतात. म्हणजे तुम्ही चुकलात की चौघं अडकले, आणि त्यातल्या दोघांची सकाळी सातची शिफ्ट असते.

माझंच सांगतो. पहिला पिस्तूल राउंड हरलो, हातात 1900 क्रेडिट्स आले, म्हणजे बंदुका घ्यायचे गेममधले पैसे. बाकी चौघांनी काहीच घेतलं नाही. मला वाटलं, हे विसरले! मी ऐटीत 1600 ची स्पेक्टर बंदूक घेतली आणि अर्ध्या मिनिटात मेलो. तो राउंडही हरलो, त्याचे 2400 आणि साठवलेले 1900 मिळून त्यांच्याकडे पुढच्या राउंडला 4300 झाले, म्हणजे 2900 ची व्हँडल ही मोठी बंदूक आणि वर 1000 चं चिलखत. माझ्याकडे 2700. दोनशे कमी! म्हापशाचा एकजण कानात असा ओरडला की हेडफोन काढून ठेवला. त्यानंतरच्या राउंडला बघतो तर त्यानेच माझ्या पायाशी बंदूक टाकलेली. एक शब्द बोलला नाही. पुढे पैशांचं सगळं गणित मला त्यानेच शिकवलं.

तेव्हापासून माझं मत असं, की ओरडणारा वाईट नसतो. वाईट तो, जो मॅच संपेपर्यंत नुसता टोमणे मारत बसतो आणि नेमकं काय चुकलं ते सांगत नाही. त्याला म्यूट करा, वाद घालू नका. पण अख्ख्या टीमला म्यूट करून बसलात तर शिकणार कुणाकडून?

मॅच सुरू होतानाच सांगा, "नवीन आहे, काय घेऊ ते सांगा." लाजू नका. गुपचूप खेळून पाचव्या राउंडला पकडलं गेलात तर जास्त राग येतो. लेव्हल 20 होईपर्यंत रँकवाली मॅच मिळतच नाही, तेवढा काळ भरपूर चुका करून घ्या. त्यातही समोरच्या टीममधला एखादा आडोशामागून येणाऱ्यालाही टिपतोय असं दिसलं, तर तो बहुधा नवीन अकाउंटवर आलेला जुना खेळाडू असतो. त्याला स्मर्फ म्हणतात. त्याच्याकडून हरलात तर चुका मोजत बसू नका.

पावसाळ्यात राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या. इथे जूनमध्ये लाईट कधी जाईल नेम नाही, आणि लाईट गेली हे कारण गेमला पटत नाही.

शनिवारी रात्री आम्ही चौघं असतो, पाचवी जागा रिकामीच आहे. हेडफोन आपापला आणा. खेळताना पोदेराचा, म्हणजे पहाटे येणाऱ्या पाववाल्याचा, भोंपू ऐकू आला तर समजा फार उशीर झालाय. खाली जाऊन त्याच्याकडून चार पोया, म्हणजे गोव्याचे पाव, घेऊन या.