जुन्या टेबल-कॅल्क्युलेटरचा पॉवर सप्लाय तपासताना

नाशिकच्या मेनरोडवर जुन्या व्यापारी पेढ्यांच्या कपाटांत हिरव्या आकड्यांचे, १९७०च्या दशकातले कॅल्क्युलेटर अजून सापडतात. हाती आला की लगेच प्लग लावू नका. वर्षानुवर्षे पडून राहिलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवून सप्लाय सपाट ठेवणारा भाग) पूर्ण व्होल्टेज मिळताच शॉर्ट होऊ शकतो आणि ट्रान्सफॉर्मरलाही सोबत नेतो. तसाच ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळणं अवघड.

आधी मागची पट्टी वाचा. १०० किंवा ११७ व्होल्ट लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच.

प्लग काढलेला असताना, स्विच चालू ठेवून, प्लगच्या दोन पिनांमध्ये मीटर लावा. शेकड्यांत किंवा एक-दोन हजार ओहम दाखवलं तर ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे मेन्सकडची गुंडाळी, शाबूत आहे. काहीच नाही दाखवलं तर क्रमाने फ्यूज, स्विच, वायर बघा. मीटरच्या डायोड रेंजवर डायोड एका बाजूने ०.५ ते ०.७ दाखवतो, दोन्ही बाजूंनी शून्याजवळ आला तर एक पाय सोडवून पुन्हा मोजा.

मग सिरीज बोर्डावर, म्हणजे बल्बमधून वीज यंत्रात जाईल अशा बोर्डावर, १५ वॅटचा तारेचा बल्ब लावून सप्लाय द्या. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तसाच पेटून राहिला तर डायोड, कपॅसिटर किंवा ट्रान्सफॉर्मर शॉर्ट आहे.

बल्ब मंदावला की सिरीज काढून मुख्य कपॅसिटरवर डीसी मोजा, मग एसी. एसी मोजताना प्रोबला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये जोडा, कारण स्वस्त मीटर डीसीलाच एसी समजून भलताच आकडा दाखवतात. एक व्होल्टहून जास्त एसी आला, आकडे थरथरत असतील, तर कपॅसिटर सुकलाय. बदलण्याआधी १ किलोओहमच्या रेझिस्टरने तो रिकामा करा. नवा तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, १०५ डिग्रीचा घ्या, एम. जी. रोडवर चौकशी करा. कपॅसिटरवरच्या पट्टीची बाजू उणे, ती उलटली तर नवाही जाईल.

डीसी नीट असूनही आकडे येत नसतील तर खोलीत अंधार करा. आकड्यांच्या काचेत बारीक लालसर तार दिसली तर फिलामेंट जिवंत आहे. मग डिस्प्लेचं उणे २० ते ३० व्होल्ट बनवणारा छोटा कन्व्हर्टर तपासा. निक्सी ट्यूबच्या (नारिंगी आकडे दाखवणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या) यंत्रात मात्र साधारण १७० व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतात, तिथे चालू सर्किटला हात नकोच.

सेलवर चालणाऱ्या यंत्रात अनेकदा दोष अ‍ॅडॉप्टरच्या जॅकमध्ये निघतो. पिन आत गेली की जॅकमधली पत्ती सेलचा सप्लाय तोडते. पावसाळ्याच्या दमटपणात ती गंजली की परत टेकत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. फुटलेल्या अल्कलाइन सेलची पांढरी-हिरवी पूड व्हिनेगरच्या बोळ्याने, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. उणेची वायर सोलूनही बघा: आतून काळी पडली असेल तर सोल्डर धरणार नाही, अख्खी बदला.