पहिला पॅच: एममॅप लॉकचा उलटा क्रम

लिनक्स कर्नलच्या मेमरी मॅनेजमेंटमध्ये शिरायचं असेल, तर सगळ्यात आधी कर्नलच्या कॉन्फिगमध्ये ‘प्रूव्ह लॉकिंग’ (लॉक घेण्याचा क्रम तपासणारा पर्याय) चालू करा आणि तो कर्नल क्यूएमू या आभासी मशीनमध्ये बूट करा. सगळं बरंच हळू चालतं, पण माझा पहिला बग मला त्यातूनच सापडला.

एका ड्रायव्हरची चाचणी चालवताना लॉगमध्ये ‘पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेंडन्सी डिटेक्टेड’ अशी ओळ आली. प्रोग्रॅम मात्र सुरळीत चालत होता, म्हणून दोन दिवस मी तिच्याकडे काणाडोळा केला. तुम्ही तसं करू नका. ‘प्रूव्ह लॉकिंग’मुळे चालू होणारा तपासनीस, लॉकडेप, प्रत्यक्ष काही अडकेपर्यंत थांबत नाही. कुठलं लॉक धरलेलं असताना कुठलं मागितलं, याची तो नोंद ठेवतो आणि क्रम उलटा दिसला की लगेच ओरडतो.

लॉगमधले दोन्ही स्टॅक ट्रेस (कुठल्या फंक्शनमधून कुठे गेलो याच्या याद्या) कागदावर शेजारी शेजारी उतरवले, तेव्हा उलगडा झाला. आयऑक्टलच्या (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला आज्ञा देण्याच्या) वाटेवर ड्रायव्हर आपला म्यूटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं लॉक) धरून ‘कॉपी टू यूजर’, म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीत माहिती कॉपी, करत होता. यूजरचं पान मेमरीत नसेल तर तिथे पेज फॉल्ट येतो, आणि तो हाताळताना एममॅप लॉक (प्रोसेसच्या मेमरीच्या नकाशाचं लॉक) लागू शकतं. दुसऱ्या वाटेवर, ड्रायव्हरच्या एममॅप फंक्शनपर्यंत येताना तेच लॉक आधीच धरलेलं असतं आणि आत तो म्यूटेक्स मागितला जातो. एकाच प्रोसेसचे दोन थ्रेड एकाच वेळी या दोन वाटांनी निघाले, की दोघंही एकमेकांची वाट बघत बसणार. (२०२० मधल्या ५.८ आवृत्तीच्या आधी या लॉकचं नाव एममॅप सेम होतं. जुना कोड वाचताना गोंधळू नका.)

कॉपीपुरता म्यूटेक्स सोडायचा आणि परत घ्यायचा, हा माझा पहिला उपाय चुकीचा होता. पॅच तपासणाऱ्यांनी विचारलं, मधल्या वेळात दुसऱ्या थ्रेडने कॉपी होत असलेली नोंदच मोकळी केली तर? उत्तर नव्हतं. मग म्यूटेक्स असतानाच माहिती स्टॅकवरच्या छोट्या स्ट्रक्टमध्ये घेतली, म्यूटेक्स सोडला आणि त्यानंतर यूजरकडे कॉपी केली. कोड चार-पाच ओळींचा. बदलासोबतचा कमिट मेसेज त्याच्या तिप्पट, कारण दोन्ही वाटा त्यात मांडाव्या लागल्या. बग कुठल्या कमिटमधून आला ते सांगणाऱ्या ‘फिक्सेस’च्या ओळीत त्या मूळ कमिटच्या हॅशची (ओळखचिन्हाची) पहिली किमान १२ अक्षरं द्यायची असतात, हेही मला तेव्हाच कळलं.

कर्नलच्या कोडमधल्या ‘एमएम’ (मेमरी मॅनेजमेंट) फोल्डरमधल्या आरमॅप फाइलच्या सुरुवातीलाच लॉक कुठल्या क्रमाने घ्यायची याची उतरंड लिहिलेली आहे. ती आधी वाचली असती, तर माझे ते दोन दिवस वाचले असते. आता तिची प्रत माझ्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलेली आहे.