ट्रस रॉडचा नट झिजला? दुरुस्तीआधी या चुका टाळा

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या दमट हवेत गिटारची लाकडी मान ओलावा शोषून हलते आणि किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेने उघड्या पोलादावर गंज चढतो. पाऊस ओसरल्यावर जत्रांतल्या नाटकांची आणि नाताळच्या कार्यक्रमांची तयारी सुरू होते, तेव्हा अनेक वादक मान सरळ करण्यासाठी ॲलन की, म्हणजे सहा बाजूंची वाकवलेली किल्ली, हातात घेतात. मानेच्या आत बसवलेल्या आणि तारांच्या ताणाविरुद्ध तिला सरळ ठेवणाऱ्या पोलादी सळईला ट्रस रॉड म्हणतात आणि तिच्या टोकाचा नट फिरवून मान सरळ करतात. इलेक्ट्रिक गिटारच्या ट्रस रॉडचा नट खराब होतो तो बहुधा याच घाईत, आणि त्यामागे गंजापेक्षा चुकीच्या मापाची की आणि हाताचा जोर हीच कारणे अधिक असतात.

म्हापसा किंवा मडगावच्या हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा ॲलन कीचा संच मिलिमीटरमधला असतो. अमेरिकी बनावटीच्या अनेक गिटारींतली, की जिच्यात बसते ती नटाची खाच मात्र इंचांत मोजलेली असते. १/८ इंच म्हणजे ३.१८ मिलिमीटर. त्यात ३ मिलिमीटरची की घातली तर ती बसल्यासारखी वाटते, पण जोर लागताच खाचेचे कोपरे गोल होतात. ५/३२ इंच आणि ४ मिलिमीटर ही मापे जवळजवळ सारखी असल्यामुळे एका गिटारवर जमलेले दुसऱ्या गिटारवरही जमेल असा समज होतो, तो घातक आहे. झिजलेल्या टोकाची की आणि गोल डोक्याची की या कामासाठी मुळीच वापरू नये.

पुढची मोठी चूक म्हणजे बिघाड नेमका कुठे आहे हे न पाहता दुरुस्तीला लागणे. की खाचेत नुसती घसरत असेल तर खाच झिजली आहे. नट फिरतो पण मान जराही हलत नाही, अशा वेळी आटे गेलेले असतात किंवा रॉडच तुटलेला असतो. नट एका जागी येऊन घट्ट थांबत असेल तर तो बहुधा आट्यांच्या शेवटाला पोहोचलेला असतो. तिथे अजून जोर लावणे म्हणजे रॉड पिळून तोडणे. नट बाहेर निघणारा असेल तर अशा ठिकाणी त्याखाली एखादे वॉशर वाढवले की बरेचदा काम भागते.

तारा ताणलेल्या ठेवून झिजलेला नट फिरवणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. साडेपंचवीस इंची स्केलच्या (तारेच्या कंप पावणाऱ्या भागाच्या लांबीच्या) गिटारवर १०–४६ मापाच्या (सर्वांत बारीक तार ०.०१०, सर्वांत जाड ०.०४६ इंच) तारा नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये मिळून ४५ किलोंच्या आसपास ताण देतात, आणि मान त्या ताणाविरुद्ध सरळ धरण्याचा भार शेवटी याच लहानशा नटावर येतो. म्हणून आधी तारा पूर्ण सैल कराव्यात. मग फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, बाजूला एक सरळ, जाड लाकडी पट्टी दोन टोकांना ठोकळे देऊन टेकवावी आणि मानेच्या मध्यभागी, मागच्या बाजूला फडक्याची घडी ठेवून क्लॅम्प हळूहळू आवळावा, म्हणजे मान किंचित मागे झुकते. क्लॅम्पने हा भार पेलला की जो नट तसूभर हलत नव्हता तो पुष्कळदा साध्या कीनेही फिरतो. याला अर्धा तास लागतो आणि तो टाळण्याकडेच सगळ्यांचा कल असतो.

तरीही की घसरली तर खाचेतली धूळ आणि लॅकरचे थर टाचणीने काढावेत, नवी कठीण पोलादाची की घ्यावी आणि तिचे टोक कानशीने सपाट करून ती तळापर्यंत बसते का ते पाहावे. त्यापुढचा उपाय म्हणजे किंचित मोठे टॉर्क्स (सहा टोकांच्या ताऱ्यासारखे) बिट हलक्या ठोक्यांनी बसवणे. १/८ इंची खाचेसाठी टी-२०, ४ मिलिमीटरसाठी टी-२५. मानेला खालून आधार देऊनच ठोकावे. झिजलेले स्क्रू काढण्याचे हत्यार, म्हणजे उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर, मात्र नटाला आतून फाकवतो आणि नट लाकडी खाचेत अधिकच आवळला जातो. एक्स्ट्रॅक्टर तिथे तुटला तर पुढे काही करता येत नाही. खाचेत इपॉक्सी किंवा सुपरग्लू ओतून की चिकटवण्याचा उपायही टाळावा, कारण तो गोंद आट्यांपर्यंत झिरपतो. गंज सोडवण्यासाठी तेलाचा फवारा मारला तर ते लाकडात मुरते. सुईच्या टोकाने एखादा थेंब आट्यांवर सोडणे पुरेसे आहे.

नट बाहेर काढण्यापूर्वी रॉडची जात ओळखावी. गिब्सन या गिटार कंपनीच्या पद्धतीच्या एकेरी (एकाच सळईच्या) रॉडचा नट सहज निघतो, पण दुहेरी (दोन सळयांच्या) रॉडचा नट बहुधा त्याला जोडलेलाच असतो आणि तो उपटू पाहणे म्हणजे रॉड निकामी करणे. गिब्सनचा बाहेरून सहा बाजूंचा ५/१६ इंची नट पकडीने फिरवू नये. त्यासाठी पातळ भिंतीचा सॉकेट पाना लागतो. जाड पाना मावत नाही म्हणून हेडस्टॉकजवळचे (खुंट्या असलेल्या टोकाजवळचे) लाकूड तासणाऱ्यांना तर आवरावेच लागते, कारण मान आधीच तिथे सर्वांत कमकुवत असते.

नवा नट घेताना आटे मोजावेत. गिब्सन आणि फेंडर या कंपन्यांच्या रॉडवर सहसा १०-३२ या इंची मापाचे आटे असतात. त्यांचा व्यास ४.८३ मिलिमीटर आणि दोन आट्यांतले अंतर ०.७९ मिलिमीटर भरते. दुकानातला एम-५ (५ मिलिमीटरच्या मेट्रिक मापाचा) नट, ज्याचे अंतर ०.८ मिलिमीटर असते, त्यावर अगदी सहज चढतो, पण सैल बसतो आणि भार येताच आटे ओरबाडून निघतो. नवा नट बसवताना आट्यांना चिमूटभर ग्रीस लावावे, मान तपासत एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि लाकडाला स्थिरावण्यासाठी एक रात्र द्यावी. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या फ्रेटवर तारेखाली सुमारे ०.२ ते ०.२५ मिलिमीटर फट राहिली की थांबावे.

रॉडच तुटला असेल तर फिंगरबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली मानेवरची लाकडी पट्टी, उचलावा लागतो. बोल्टने जोडलेल्या मानेच्या साध्या गिटारवर इतका खर्च करण्यापेक्षा दुसरी मान बसवणे परवडते. चिकटवलेल्या मानेची गिटार मात्र अनुभवी कारागिराकडेच न्यावी.