निद्रानाशामागचे मूळ दुखणे कसे शोधावे

झोप येत नाही म्हटले की बहुतेक जण थेट गोळीकडे वळतात, आणि गोळीने डोळा लागला की चौकशी तिथेच थांबते. झोप नेमकी कोणत्या वेळी आणि कशाने मोडते, याचा माग काढण्याआधीच गोळी सुरू केली, तर दुखण्याची खूणच पुसली जाण्याचा संभव असतो. आठवड्यातून किमान ३ रात्री असा त्रास ३ महिने टिकला, तर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. मात्र कारण शोधण्यासाठी तितके दिवस वाट पाहण्याची गरज नाही.

सुरुवात वहीपासून करावी. २ आठवडे रोज सकाळी उठल्यावर रात्रीची नोंद लिहावी. वेळा अंदाजाने लिहिल्या तरी चालतात. रात्री मुद्दाम घड्याळ पाहू नये, कारण त्या आकडेमोडीनेच उरलीसुरली झोप उडते. नोंद साधारण अशी असावी: ‘अकराला आडवा झालो, लगेच झोप लागली. दोनदा लघवीला उठलो. एकदा दचकून जाग आली. सकाळी तोंड कोरडे, डोके जड. दुपारी खुर्चीतच डुलकी.’ नुसते ‘झोप नीट झाली नाही’ लिहून काही हाती लागत नाही.

ही नोंद एखाद्या अनुभवी डॉक्टरांनी वाचली, तर ते आधी घोरण्याविषयी विचारतील. झोपेत घशातील मार्ग वारंवार बंद पडून श्वास अडतो, त्या स्लीप अॅप्नियात कोरडे तोंड, सकाळची डोकेदुखी, दिवसाची पेंग आणि रात्री वारंवार होणारी लघवीदेखील आढळते. घोरणाऱ्याला स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही, म्हणून शेजारी झोपणाऱ्याला विचारावे: मोठ्याने घोरणे, मग शांतता, मग धाप लागल्यासारखा श्वास, असा क्रम दिसतो का? दिसत असेल तर झोपेची गोळी मनाने घेऊ नये, कारण काही गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडून श्वासाचा अडथळा वाढतो. निदानासाठी झोपेची तपासणी करावी लागते.

संध्याकाळनंतर, विशेषतः आडवे झाल्यावर, पायांत अस्वस्थ वळवळ होते आणि उठून चार पावले चालल्यावर थांबते, असे असेल तर शरीरातील लोहाचा साठा तपासून घ्यावा. त्यासाठी फेरिटिनची चाचणी मागावी. नुसते हिमोग्लोबिन पुरत नाही, ते ठीक असूनही साठा रिता असू शकतो. छातीत धडधड, हातांना कंप, उकाडा सहन न होणे आणि खाऊनपिऊन वजन घटणे हे झोप न येण्याच्या जोडीला असेल, तर थायरॉइडची टीएसएच चाचणी करावी. तहान आणि लघवी दोन्ही वाढली असेल तर साखर तपासावी. पहाटे फार लवकर जाग येऊन मन खिन्न राहत असेल, तर नैराश्याचा विचार करावा.

औषधांची यादी मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. स्टेरॉइड, सर्दीच्या काही गोळ्या आणि नैराश्यावरील काही औषधे झोप उडवतात. लघवी वाढवणारे औषध संध्याकाळी घेतले तर रात्र उठण्यातच जाते. पुष्कळदा औषधाची वेळ बदलूनही काम भागते, पण तो बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

आडवे झाल्यावर दम लागून उठून बसावे लागत असेल किंवा पायांवर सूज असेल, तर वही भरत न बसता लगेच डॉक्टरांकडे जावे, कारण हे हृदय कमकुवत झाल्याचे लक्षण असू शकते. छातीत दुखणे आणि आत्महत्येचे विचार यांनाही तोच नियम लागू आहे. अनेक रात्री जेमतेम झोपूनही थकवा नाही, उलट विलक्षण उत्साह आहे, ही स्थिती घरच्यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या कानावर घालावी.

एरवी वही आणि औषधांची यादी घेऊन जावे. मूळ दुखणे आटोक्यात आल्यावरही अंथरुणात जागे पडून राहण्याची सवय कधी कधी उरते. तिच्यावर गोळ्यांपेक्षा आधी निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धती, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीचे विचार बदलण्याचा उपचार, सुचवली जाते आणि मूळ आजाराच्या उपचाराबरोबरच ती सुरू करता येते.