चेनसॉ घेताना या चुका टाळा: इंजिन केवढं, बार केवढा

जळगाव असो, धुळं असो नाहीतर नंदुरबार, दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, भाऊ, बार (म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पुढची पट्टी) किती इंची? आणि 58 सीसीच्या (सीसी म्हणजे इंजिनचा आकार) मशीनवर 22 इंची बार दिसला की गिऱ्हाईक खुश, त्याच पैशात मोठं मशीन मिळालं ना. गडबड इथूनच सुरू होते.

बार लांब म्हणजे चेन लांब, घर्षण जास्त, एका वेळी लाकडात जास्त दात, आणि ऑइल पंपालाही तेवढी लांबी ओली ठेवायची, इंजिन मात्र तेच. सुबाभूळसारख्या हलक्या लाकडात चालून जातं, पण बांधावरची वाळलेली बाभूळ लावा, बार निम्मा आत गेला की रेस पडते, मग माणूस वरून जोर देतो, क्लच घसरतो, धूर निघतो आणि बोंब दुकानदाराच्या नावाने.

माझा साधा हिशोब: 40-45 सीसीला 16 इंच, 50-55 ला 18, 60 च्या आसपास 18 किंवा फारतर 20. 22 इंची किंवा त्याहून लांब बारने रोज जाड बाभूळ-चिंच कापायची असेल तर 70 सीसीचं बघा. (चिंच, आंबा स्वतःच्या शेतातला असला तरी आधी परवानगी काढा, तो वेगळा विषय.) आणि जाड बुंध्यासाठी लांब बारच पाहिजे असं नाही, दोन्ही बाजूंनी कापलं तर 16 इंची बारही 25 इंचांच्या आसपासचा ओंडका उरकतो.

स्टिकरवरच्या सीसीवर जाऊ नका, किलोवॅट, म्हणजे इंजिनची ताकद, विचारा. स्टिल (Stihl) कंपनीचं एमएस 250 हे 45.4 सीसीचं, 2.3 किलोवॅटचं, आणि त्याला साधारण 16-18 इंचीच बार लावतात. बिननावाच्या मशीनवर सीसी मोठा छापलेला असतो, किलोवॅट विचारला की दुकानदार विषय बदलतो, तेव्हाच समजून घ्या.

आता 22 काढून 18 लावायचा ठरला तर नुसता बार आणून भागत नाही. पिच (चेनच्या कड्यांमधलं अंतर, इंचात), गेज (बारच्या खोबणीत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि ड्राइव्ह लिंक (खोबणीत बसणाऱ्या कड्यांची संख्या) तिन्ही जुळले पाहिजेत. .325 पिचला 22 इंची चेन बहुतेक 86 लिंकची, 18 इंची 72 ची, म्हणून जुना बार आणि चेन दोन्ही पिशवीत टाकून दुकानात न्या, अंदाजाने आणलेली चेन एकतर खोबणीत अडकते नाहीतर स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, खाते.

पण बारला दोष देण्याआधी खाली काय पडतंय ते बघा. जाड ढलप्या पडत असतील तर चेन धारदार आहे, पिठासारखा भुसा पडत असेल तर दात बोथट झालेत, बारचा काही संबंध नाही. .325 ला 4.8 मिमीची गोल कानस, दोन्ही बाजूच्या दातांना सारखे हात, नाहीतर काप वाकडा जातो आणि लोक म्हणतात बार वाकला. तसंच बारचं टोक कोऱ्या कागदासमोर धरून रेस द्या, कागदाला लावू नका, ऑइलची बारीक रेघ उमटली तर पंप ठीक, नाही उमटली तर बारचं ऑइलचं भोक साफ करा, भुशाने तेच तुंबतं. काम संपल्यावर चेन थोडी ढिली करून ठेवा, तापलेली चेन गार झाली की आखडते आणि क्रँकवर (इंजिनच्या फिरत्या दांड्यावर) ताण येतो.