पहिली शिलाई मशीन घेताना आधी मिस्त्री शोधा

शिवणक्लासला नाव घातलं की आठवडाभरात प्रश्न येतोच, "ताई, मशीन कितलाले पडी?" (म्हणजे कितीला पडेल?) मी त्यावर उलटा प्रश्न टाकते. तुमच्या गावात किंवा बाजाराच्या गावात शिलाई मशीन दुरुस्त करणारा कोण आहे, आणि तो कोणती मशीन उघडतो? बऱ्याच मुलींना हा आडवळणाचा प्रश्न वाटतो. पण जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर, पारोळा, चोपडा या पट्ट्यात इतकी वर्षं शिकवल्यावर माझं मत पक्कं झालंय. पहिली मशीन निवडायची ती मिस्त्रीवरून. किंमत, रंग आणि टाक्यांची संख्या त्यानंतर बघायची.

मशीन बिघडणारच. नवशिक्या हाताखाली तर जास्तच. सुई वाकून शटलवर (सुईखाली फिरून वरचा दोरा पकडणारा भाग) आदळते, शटलच्या टोकाला खरचटा पडतो, सुई आणि शटलचा मेळ, म्हणजे टायमिंग, सरकतं, दोरा आत अडकून चाक जाम होतं. काळी साधी मशीन असेल तर आठवडे बाजारात दुकानाच्या पायरीवर पेचकस घेऊन बसलेला माणूस ती तासाभरात चालू करून देतो. तिचे सुटे भागही सहज मिळतात, कारण आपल्याकडच्या बहुतेक काळ्या मशीन सिंगर कंपनीच्या "15 क्लास" नावाच्या जुन्या मॉडेलच्या रचनेवर बनतात. नाव उषा असो, सिंगर असो की लुधियानात बनलेलं एखादं अनोळखी नाव असो, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रिळ), बॉबिन केस (ती बसते ती डबी) आणि सुई बहुतेक वेळा एकमेकींची चालते. पांढऱ्या इलेक्ट्रिक मशीनचं तसं नाही. तिला जळगाव किंवा धुळ्याला न्यावं लागतं. आतला सर्किटचा भाग गेला तर तो मागवेपर्यंत थांबायचं, आणि नेमकी तेव्हाच लगीनसराई असते.

आता बाजारात काय काय दिसतं ते सांगते. पहिली ही काळी, सरळ टाक्याची, पायाने चालवायची. स्टँड आणि टेबलासकट नवी घेतली तर अंदाजे सात ते दहा हजार. ती एकच काम करते, सरळ शिवण, पण ते नीट करते. ब्लाउज, परकर, पोलकं, शाळेचा गणवेश, पिशव्या, उशीचे अभ्रे, सगळं सरळ टाक्यावरच होतं. दुसरी पांढरी, झिगझॅगवाली, म्हणजे नागमोडी टाकाही घालणारी, दहा हजारांच्या पुढची. तिच्या खोक्यावर सात टाके, चौदा टाके, एकवीस टाके असं लिहिलेलं असतं. मुली त्यालाच भुलतात. मी सरळ विचारते, यातले कोणते टाके गिऱ्हाईक मागणार आहे? सरळ आणि झिगझॅग सोडून बाकीचे नाजूक पानाफुलांचे टाके पहिल्या आठवड्यात हौसेने काढून बघितले जातात, आणि मग बटण त्याच जागेवर राहतं. काज आणि पिको या कामांना झिगझॅग लागतो हे खरं. पण पिकोचं काम सुरुवातीला बाहेर द्यावं. पिको मशीन घेऊन बसलेली एखादी बाई जवळपास असतेच. साड्या तिच्याकडे द्यायच्या, फॉल आपण हाताने लावायचा.

तिसरी छत्री मशीन. हिचं शटल पूर्ण गोल फिरतं. साध्या काळ्या मशीनचं अर्धं फिरून परत येतं. त्यामुळे छत्री मशीन वेगाने चालते, जाड कापड सहज ओढते, म्हणून पुरुष टेलर तिच्यावर पँटी शिवतात. नवशिक्या बाईला ती पळते तशी आवरत नाही. काही छत्री मशीनना गोल दांड्याची सुई लागते, ती साध्या मशीनची नव्हे, हेही घेताना विचारून ठेवा. चौथी कारखान्यातली, जिला सगळे सरसकट "जॅक" म्हणतात, मग ती दुसऱ्या कंपनीची का असेना. मिनिटाला चार-पाच हजार टाके मारते, किंमत वीस हजारांच्या वर जाते. ही तुमची दुसरी किंवा तिसरी मशीन. पहिली नाही.

आणि हातात धरायची, स्टेपलरसारखी दिसणारी मशीन मोबाइलवर जाहिरातीत येते, ती घेऊच नका. तिचा साखळी टाका असतो, एकाच दोऱ्याचा. टोक ओढलं की सगळी शिवण उसवते. खऱ्या मशीनचा टाका वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकून बनतो, म्हणून तो मध्ये कुठे तुटला तरी पुढचा टिकतो.

घरातल्या माणसांचं एक म्हणणं नेहमी असतं, "एकदाच घ्यायची तर चांगली घेऊ." हेतू चांगला, हिशोब चुकीचा. पहिला महिना क्लासच्याच मशीनवर शिका. हात कोणत्या कामाला वळतो ते कळू द्या. कुणाला ब्लाउजचं कटिंग जमतं, कुणी कपड्यांपेक्षा गोधड्या आणि पिशव्या जास्त करते. गोधडीचे जाड थर शिवायचे असतील तर मशीनचं हेड (स्टँडवर बसतं ते मुख्य मशीन) जड आणि कापड पुढे सरकवणारे दाते धारदार हवेत. नुसते ब्लाउज शिवायचे तर तेवढी गरज नाही.

जुनी मशीन घ्यावी का? घ्यावी, आणि मी तर आधी तीच बघायला सांगते. खानदेशात कित्येक घरांत सासूची नाहीतर आत्याची काळी मशीन कापडाखाली झाकून पडलेली असते. तिचं बिडाचं स्टँड आजच्या पत्र्याच्या स्टँडपेक्षा कितीतरी भक्कम. पण बघून घ्यायची, आणि बघायची एक रीत आहे.

आधी दोरा न लावता हाताने चाक फिरवा, स्वतःच्या दिशेने. एकसारखं हलकं फिरलं पाहिजे. एका ठिकाणी अडखळत असेल किंवा ठक्क आवाज येत असेल तर आत काहीतरी घासतंय. मग चाक धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. खडखडलं तर बुश, म्हणजे आतल्या दांड्याला आधार देणाऱ्या कड्या, झिजलेत. सुईचा दांडा चिमटीत धरून हलवा, तिथेही ढिलेपणा नको. आता खाली वाका. सुई जिथून खाली जाते त्या पट्टीच्या भोकावर नख फिरवा. कडा खरबरीत लागली की समजा तिथेच दोरा तुटणार. पट्टी बदलता येते, स्वस्त असते, पण त्या बदल्यात भाव कमी करून घ्या. दात्यांवर बोट फिरवा. बोथट झाले असतील तर कापड पुढे सरकत नाही आणि बाई हाताने ओढत बसते. ओढलं की सुई वाकते, शटलवर आदळते, आणि पुन्हा मिस्त्री. शटल काढायला सांगा. टोक नखाला गुळगुळीत लागलं पाहिजे. शेवटी हेड मागे उलथून खालची बाजू बघा. वरून काळा चकचकीत रंग आणि सोनेरी फुलं नवी लावता येतात, खालचा गंज कुणी रंगवत नाही.

नंतर शिवून बघा, पण त्यांच्या कापडावर नाही. दुकानातला तुकडा नेहमी कडक सुती असतो, त्यावर कुठलीही मशीन छान शिवते. घरून अस्तराचा घसरता तुकडा, मऊ सुती आणि जुन्या जीन्सचा तुकडा घेऊन जा. वर एका रंगाचा दोरा लावा, बॉबिनमध्ये दुसऱ्या रंगाचा. शिवण उलटून बघा. वरचा रंग खाली गाठीगाठींनी दिसत असेल तर वरचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, ढिलं आहे. खालचा रंग वर ठिपक्यांसारखा आला तर वरचं फार घट्ट आहे. टेन्शनचा पेच फिरवल्यावर हे सुधारलं तर मशीन ठीक. कितीही फिरवलं तरी तसंच राहिलं तर नमस्कार करून घरी या. बॉबिन केसची परीक्षाही सोपी आहे. दोऱ्याने ती लटकवा. नुसती लटकली पाहिजे, आणि मनगटाने हलका झटका दिला की थोडी खाली उतरली पाहिजे. भर्रकन खाली गेली तर ढिली, हललीच नाही तर घट्ट.

रिव्हर्स आहे का ते विचारा. टाक्याची दांडी वर केली की मशीन मागे शिवते, तशी सोय बहुतेक नव्या मशीनला असते, फार जुन्यांना नसते. नसेल तर शिवणीच्या टोकाला हाताने गाठ मारावी लागते. चालतं, पण हिशोबात धरा. एवढ्या परीक्षेत उतरलेली जुनी मशीन तीन-चार हजारांत मिळाली तर सोडू नका.

पायाची की मोटरची, हा वाद क्लासमध्ये रोज होतो. मी पायाच्या बाजूची. खेड्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, हे एक कारण. त्याहून मोठं कारण म्हणजे पाय तुमच्या मनाने थांबतो. गळ्याच्या गोलाईवर दोन टाके घालून थांबायचं असतं तेव्हा नवीन बाईच्या पायाखाली मोटर सुसाट जाते. सुरुवातीला पट्टा काढून नुसता पायटा हलवायची सवय करा, चाक उलटं फिरू न देता. उलटं फिरलं की दोरा तुटतो किंवा आत गुंता होतो. मग कागदावर, विनादोऱ्याने, वहीच्या रेघांवरून सुई चालवा. हात बसल्यावर त्याच मशीनला छोटी मोटर लावून घेता येते. म्हणून हेड घेताना मागच्या बाजूला मोटर बसवायची जागा आहे ना, एवढं बघून घ्या. मोटर लावली की पदर खोचून बसा, ओढणी काढून ठेवा.

मशीन आली म्हणजे खर्च संपला असं नाही. सुया 11, 14, 16 आणि 18 नंबरच्या ठेवा. पातळ सिल्कला 11, रोजच्या ब्लाउजला 14, जाड कापडाला 16, जीन्सला 18. निम्म्या तक्रारी बोथट सुईच्याच असतात, आणि बाया मशीनला नावं ठेवतात. चार-पाच जादा बॉबिन, चांगली कात्री (ती कागदाला लावायची नाही), मेजरटेप, आणि पांढरं पातळ मशीन तेल. तेलावर माझा कटाक्ष असतो. पुष्कळ घरांत खोबरेल तेल घालतात. खोबरेल तेल साधारण 24 अंशांखाली थिजायला लागतं, आणि धुळ्याकडे जानेवारीत पारा एक आकडी होतो. सकाळी मशीन जड चालते, मग दुपारी बरी होते, आणि कुणाला कळत नाही का. दुपारी बरी झाली तरी ते तेल हळूहळू चिकट होऊन धूळ धरतं. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे हवेत तंतू असतात, ते दात्यांखाली जाऊन बसतात. पट्टी उघडून ब्रशने साफ करायची सवय लावा.

सरकारी मदतीबद्दल. "मोफत शिलाई मशीन" म्हणून मोबाइलवर फिरणारे फॉर्म भरू नका, पैसे तर अजिबात देऊ नका. खरी योजना पीएम विश्वकर्मा. ती 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. 18 पारंपरिक व्यवसायांत शिंपीकाम आहे. नोंदणी सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रात होते, प्रशिक्षणाच्या दिवसांना 500 रुपये रोज मिळतो, अवजारांसाठी 15,000 रुपयांचं ई-व्हाउचर मिळतं. कर्ज हवं असेल तर पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत, पाच टक्के व्याजाने. घरातल्या एकाच माणसाला लाभ मिळतो, सरकारी नोकरी असलेल्या घराला मिळत नाही. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागातही विचारून या. शिलाई आणि पिको मशीनच्या योजना तिथे असतात, पण त्या त्या वर्षीच्या निधीप्रमाणे. शिकायचंच असेल तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था फुकट शिकवते, राहणं-जेवण धरून. आयटीआयमध्ये सुइंग टेक्नॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेडही आहे.

मात्र एखाद्या सरकारी ऑर्डरच्या भरवशावर मशीन घेऊ नका. 2024-25 मध्ये शाळेचे गणवेश बचत गटांतल्या बायांकडून शिवून घ्यायचं राज्याने ठरवलं, आणि पुढच्या वर्षासाठी काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. गल्लीतले दहा ब्लाउज तुमच्याकडे येत असतील तर त्यांच्या हिशोबावर मशीन घ्या.

कधी घ्यायची, हेही विचारतात. बहुतेक जण अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर घेतात. त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. बिलावर, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्यायचा राहतो, शिवून दाखवायला कुणाला वेळ नसतो. माझं ऐकाल तर पौषात घ्या. पौषात लोक खरेदी टाळतात, दुकानदार निवांत असतो, तुमच्या तिन्ही तुकड्यांवर शिवून दाखवतो, भावही थोडा उतरतो. शिवाय अखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, तेव्हा ब्लाउजचे ढीग पडतात. पौषात घेतलेल्या मशीनवर तोपर्यंत तुमचा हात बसलेला असतो.