एमसीए करू की सर्टिफिकेट? आधी या चुका टाळा

हिंजवडीत माझं मूळ काम सर्व्हर सांभाळायचं. पण भरती निघाली की एचआर मला पॅनेलवर बसवतं, आणि निकालाच्या दिवसांत ओळखीपाळखीची पोरं ‘पुढे काय करू, एमसीएची पदवी की एखादं आयटीचं सर्टिफिकेट’ विचारायला येतात. दोन्हीकडे त्याच त्या चुका बघून आता कंटाळा आलाय.

डंप पाठ करून मिळवलेलं सर्टिफिकेट

माझा सगळ्यात जास्त राग यावर. टेलिग्रामवरून परीक्षेतल्या प्रश्नांची पीडीएफ, म्हणजे ‘डंप’, मिळवायची, आठवडाभर घोकायची, परीक्षा पास, लिंक्डइनवर फोटो. मागे एक मुलगा आला, रिझ्युमेवर एडब्ल्यूएसची, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडची, तीन सर्टिफिकेटं. मी सोपं विचारलं, “ईसीटू सर्व्हर चालू केलास. एसएसएचने आत जायचंय, पण कनेक्शन टाइमआउट होतंय. काय काय बघशील?” (ईसीटू म्हणजे एडब्ल्यूएसवर भाड्याने मिळणारा सर्व्हर, एसएसएच म्हणजे त्यात दुरून शिरायची वाट.) बराच वेळ शांतता. मग म्हणाला, “सर, ऑप्शन्स सांगाल का?” माझ्या शेजारचा पॅनेलवाला पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेला, तो हसू आवरूनच परत आला.

टाइमआउट म्हणजे गडबड रस्त्यात आहे. सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे मशीनच्या फायरवॉलमध्ये, एसएसएचचा २२ नंबरचा पोर्ट उघडलाय का, मशीनला पब्लिक आयपी आहे का, सबनेटच्या रूट टेबलमध्ये (नेटवर्कच्या वाटांच्या यादीत) इंटरनेट गेटवेची नोंद आहे का, एवढं बघायचं. ‘परमिशन डिनाइड’ आलं असतं तर गोष्ट वेगळी. मग लॉगिनची की-फाइल किंवा युजरचं नाव तपासायचं. स्वतः एक सर्व्हर उभा करून एकदा जरी अडकला असता, तरी हे झोपेत सांगितलं असतं.

मी पोरांना सांगतो, आधी मोडायला शिका. घरच्या जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, त्यात लिनक्स चढवा, एसएसएचची कॉन्फिग फाइल मुद्दाम बिघडवा आणि क्लासच्या सरांना फोन न करता दुरुस्त करा. रेड हॅट या लिनक्स कंपनीचं आरएचसीएसए सर्टिफिकेट मला आवडतं ते यासाठीच. तिथे पर्याय नसतात, चालू मशीनवर काम करून दाखवावं लागतं. कुबर्नेटिसचं (कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीचं) सीकेएही तसंच. ‘पण सर, त्याला तीन-चार महिने लागतात’ म्हणणाऱ्यांना मी उत्तर देणं सोडून दिलंय. लागतात.

‘पीजी’ दिसलं की पदवी समजणं

कोथरूडच्या एका ओळखीच्या मुलीने बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स केलं, नोकरी धरली आणि एका खासगी कंपनीचा ऑनलाइन ‘पीजी प्रोग्रॅम’ ईएमआयवर घेतला. पुढे एका कॉलेजात शिकवण्याची जागा निघाली. अट होती एमसीए किंवा एमएस्सी. अर्ज बाद झाला. तिच्या वडिलांचा मला फोन, “अहो, पीजी लिहिलंय की त्याच्यावर!” कागद मागवून बघितला. वर मोठ्या अक्षरात पीजी, खाली बारीक अक्षरात कोर्स पूर्ण केल्याचा दाखला. विद्यापीठाचं नावसुद्धा नाही. शिकवलं वाईट नव्हतं, मुलीला पायथन चांगलं येतं. पण त्या जागेसाठी कागद कुचकामी.

पदवी देण्याचा हक्क १९५६च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याप्रमाणे विद्यापीठांना आणि कायद्याने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी घ्यायची तर यूजीसीच्या डीईबीच्या (दूरस्थ शिक्षण विभागाच्या) वेबसाइटवर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि वर्ष, तिन्ही जुळतंय का ते पैसे भरायच्या आधी बघा. काउन्सेलर फोनवर ‘मान्यता आहे हो’ म्हणतो, त्याला काही अर्थ नाही. आपल्या सीडॅकचं (केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं) पीजी-डॅकसुद्धा पदवी नव्हे. सहा महिन्यांचा दमवणारा डिप्लोमा आहे, सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन मिळतो आणि नोकरीच्या दृष्टीने मला बऱ्याच एमसीएंपेक्षा उजवा वाटतो. पण जिथे पदव्युत्तर पदवीची अट आहे, तिथे तो धरला जाईल असं गृहीत धरू नका.

मैत्रिणीने केलं म्हणून आपणही

बीई झालेली मैत्रीण सर्टिफिकेटवर नोकरीला लागली, म्हणून बीसीएवालीने एमसीए सोडायचं हा शुद्ध वेडेपणा. फ्रेशर्सच्या कितीतरी जाहिरातींत ‘बीई, बीटेक, एमसीए’ एवढंच लिहिलेलं असतं. बीसीएचा अर्ज तिथेच गळतो, सर्टिफिकेटपर्यंत कुणी पोचतच नाही. एमसीए आता दोनच वर्षांचं आहे, सीईटी द्या आणि करून टाका. उलट बीई झालेल्याने प्लेसमेंट झालं नाही म्हणून एमटेकमध्ये दोन वर्षं लपू नये. शिकवायचंय, संशोधन करायचंय, चिप डिझाइनमध्ये जायचंय, तर जरूर गेट परीक्षा द्या. तो स्कोअर तीन वर्षं चालतो.

आता बाकीच्या, भराभर.

मुदत न बघणं: एडब्ल्यूएसचं सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, मायक्रोसॉफ्टचं असोसिएट पातळीचं एकच वर्ष, पण त्याचं नूतनीकरण ऑनलाइन आणि फुकट होतं. मुदत संपलेली रिझ्युमेवरून काढा.

फ्रेशरने पीएमपीचं (प्रोजेक्ट मॅनेजरांच्या सर्टिफिकेटचं) विचारणं: पदवीधरालाही प्रोजेक्ट चालवल्याचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. विषय संपला.

तीन वर्षांच्या पदवीवर अमेरिकेत एमएसची स्वप्नं: बरीच विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. त्या-त्या विद्यापीठाची अट आधी वाचा.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ची पाटी: फी भरण्यापूर्वी फॉर्मच्या मागची बाजू वाचा. तिथे बहुतेक वेळा ‘असिस्टन्स’, म्हणजे नुसती मदत, लिहिलेलं असतं.

आणि इंटरव्ह्यूला लॅमिनेट केलेल्या सर्टिफिकेटांची जाडजूड फाइल आणू नका. एडब्ल्यूएसचा बॅज असेल तर क्रेडलीची (डिजिटल बॅजच्या साइटची) लिंक रिझ्युमेत टाका. तुम्ही खुर्चीत बसायच्या आधीच आम्ही ती उघडून बघितलेली असते.